कुणीही न पडलेली गाडी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पाहुणे किती येतील, पाणी किती लागेल, यांतलं काहीच विचारलं नाही. पोरगी काम काय करते एवढंच विचारलं. मी सांगितलं, अपघात झालेल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासते. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे गाड्या मारनारी ती तूच व्हय?"

"मारत नाही हो काका. मेल्यात का ते बघते."

"त्येच की गं!" ते इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. "गाडी मरत न्हाई पोरी, मानूस कंटाळतो. सामान कवा आनतीस?"

अशी मी वाईहून सांगलीला नोकरीला आले आणि माधवनगरात त्यांच्या वरच्या खोलीत राहायला लागले. तीन वर्षं राहिले. त्या तीन वर्षांत मी मारायच्या आणि काकांनी जगवायच्या, असा आमचा धंदा बिनबोभाट चालला होता.

माझं काम सांगायला सोपं आहे. गाडी दुरुस्त करायचा खर्च तिच्या किमतीच्या घरात जायला लागला की आम्ही कागदावर 'टोटल लॉस' लिहितो. मालकाला विम्याचे पैसे मिळतात, आणि उरलेला सांगाडा कंपनी आहे तसा बोली लावून विकते. हल्ली ही बोली फोनवरच चालते. भंगारवाले घेतात, सुटे भाग विकणारे घेतात, आणि माधवनगरातले आमचे काका घ्यायचे. बाकीचे तो सांगाडा तोडायला घेत, हे गृहस्थ जोडायला घेत.

मूळचे ते कुंडलचे. उमेदीची सगळी वर्षं इथल्या एका कापडगिरणीत गेली. माग बिघडला की तो चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. मग गिरणी बंद पडली आणि एक दिवस सगळे माग तोडून ट्रकमध्ये भरून नेले. त्या दिवशी हे फाटकाशी उभे होते. काकू सांगायच्या, घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी बाहेर गेले आणि कुणाची तरी मोडकी मोटारसायकल ढकलत घेऊन आले. त्यानंतर हे थांबलंच नाही.

अंगणात मी आले तेव्हा सात गाड्या होत्या. त्यांना नंबरानं किंवा कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नसे. चालवणाऱ्याला जिथं लागलं होतं, ते त्या गाडीचं नाव. एक होती गुडघा. एक खांदा. एक तांबडी होती तिचं नाव दोन दात. पहिल्याच आठवड्यात सकाळी सकाळी अंगणातून आरोळी आली, "आरं खांदा कुनी हलवला रं?" आणि मी वरून घाबरून खाली धावले. मला वाटलं कुणाचा तरी हात निखळला.

ही नावं नुसती गंमत नव्हती. बोली लावायच्या आधी काकांचा एक नेम असे. नंबरावरून नाव, नावावरून गाव काढायचं आणि पडलेल्या माणसाला समक्ष भेटायला जायचं. माणूस गेलेला असला तर त्या गाडीकडे ते पुन्हा बघत नसत, फुकट दिली तरी. माणूस असला तर अर्धा डझन केळी घेऊन त्याच्या खाटेशी बसायचे आणि विचारायचे, "कुठल्या अंगावर पडलास?"

माणूस पडतो तशी गाडी पडते, असं त्यांचं म्हणणं. उजवा गुडघा फुटला असेल तर उजवीकडचा पाय ठेवायचा दांडा वाकलेला असणार. खांदा गेला असेल तर हँडल आणि पुढचं चाक धरणारा फोर्क बघायचा. "आन् बुडावर पडला आसंल," ते आनंदानं सांगायचे, "तर गाडी झकास आसती. मानूस मागं ऱ्हायला न् ती पुढं गेली." मी गाडीचे पन्नास फोटो काढायची, फूटपट्टी लावायची. काका माणसाला दाबून बघायचे. तो जिथं ओरडेल तिथं गाडीत दोष. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या रिपोर्टात न आलेल्या दोन-तीन गोष्टी त्यांनी अशा ओरडण्यावरून शोधून काढल्या होत्या.

एकदा सुट्टीच्या दिवशी मला बरोबर नेलं, पलूसला. ज्या गल्लीत गेलो तिथं अर्ध्या घरांचं आडनाव एकच. एका घरात तरणाबांड गडी डाव्या पायाला प्लॅस्टर घालून पडलेला दिसला, काका थेट आत. केळी दिली, पाठीवरून हात फिरवला, घोटा दाबला, मनगट दाबलं. तो बिचारा कळवळून ओरडत होता आणि काका माझ्याकडे बघून, लिहून घे, अशा खुणा करत होते.

"किती लांब उडालास?"

"उडालो न्हाई. सरळ खाली आलो. पंधरा फूट आसंल."

काकांचे डोळे मोठे झाले. "पंधरा फूट? आन् गाडी?"

"कसली गाडी? नारळाच्या झाडावरनं पडलो की वो!"

आमचा पेशंट दोन घरं पलीकडे होता. काका उठले, दारापर्यंत गेले, थबकले, परत आले. घडातली तीन केळी त्याच्या उशाशी ठेवली, तीन काढून घेतली आणि पुढच्या घराकडे निघाले. त्या माणसाची आई आम्हाला काय समजली असेल कोण जाणे.

काकांना जवळजवळ ऐकूच येत नसे. मागांच्या खडखडाटानं कानांचं केव्हाच वाटोळं झालं होतं. काकूंचंही तेच, त्याही त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या. त्या आवाजात बोलून उपयोग नसायचा, म्हणून गिरणीतली माणसं एकमेकांचे ओठ वाचायची. गिरणी गेली, पण या दोघांची ती सवय राहिली. बाहेरच्यांशी ते ओरडून बोलत, आपापसात मात्र नुसते ओठ हलवत. मी एकदा वरच्या गॅलरीतून त्यांचं भांडण बघितलं. काकू हातात लाटणं घेऊन, काका हातात पाना घेऊन, दोघंही लालबुंद, मान हलवतायत, कपाळावर हात मारतायत, आणि आवाज शून्य. अंगणात चिमणी दाणे टिपताना ऐकू येत होती. मला हसू आवरेना, तर दोघांनी एकदम वर बघून मोठ्यानं ओरडून विचारलं, "काय गं, काय झालं?"

अशा घरात राहणं म्हणजे उघड्यावर राहण्यासारखं होतं. मी गॅलरीत फोनवर बोलले की काका खालून गाडी पुसता पुसता सगळं वाचायचे. "कराडची गाडी टोटल केलीस व्हय?" असं जेवताना विचारायचे. मग मी फोनवर भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले. ऑफिसातले म्हणत, घरात तुला कुणी शिक्षा केलीय का.

इंजिनाचा आवाजही त्यांना येत नव्हता, पण ते त्यांना अडत नव्हतं. चालू गाडीच्या टाकीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे. "तिसऱ्या ठोक्याला अडखळतीया," म्हणायचे, आणि ती खरंच अडखळत असायची. गिऱ्हाईक आलं की त्याला गल्लीत एक चक्कर मारून यायला लावत, तो आला की टाकीवर हात ठेवून उभे राहत, आणि पुष्कळदा त्याला सांगत, "न्हाई जमायचं गड्या. ती भ्यालीया तुला." लोक चिडून जात. काकांना त्याचं सोयरसुतक नसे.

या सगळ्यात काकू कुठल्याही गाडीवर बसत नसत. गुडघ्यावर नाही, खांद्यावर नाही, दोन दातांवर तर नाहीच. त्यांचा धाकटा भाऊ तरणाताठा असताना कुणाच्या तरी जुन्या मोटारसायकलवरून पडून गेला होता. त्या गाडीवरून आधीही एक जण पडला होता, हे नंतर कळलं. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य. "जिच्यावरनं कुनी पडलं न्हाई आशी गाडी आना, बसते." आणि काकांच्या अंगणातल्या गाड्या तर माणूस पडल्याशिवाय तिथं येतच नसत.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण म्हसवडला काकूंची थोरली बहीण होती. आक्का. काकूंना एसटी लागायची, इतकी की तासगावच्या आतच उलट्या होऊन त्या अर्धमेल्या व्हायच्या. चारचाकीत तर त्याहून लवकर. मोकळ्या वाऱ्यावर दोनचाकीवरच काय तो प्रवास शक्य होता, आणि दोनचाकीवर त्या बसत नव्हत्या. आधी आक्काच सांगलीला यायच्या, पण त्यांचं येणं थांबल्यापासून नऊ वर्षं बहिणींची भेट नव्हती. फोनचा उपयोग नाही, कारण काकूंना ऐकू येत नाही. व्हिडिओचा उपयोग नाही, कारण आक्कांची दृष्टी गेलेली. एकीला दिसत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही, म्हणजे त्यांची भेट हातात हात घेऊनच व्हायची होती. आक्का आता अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हसवडहून कुणी आलं की काकू त्याचे ओठ बघत बसायच्या आणि तो गेल्यावर उगाच भांडी घासायला काढायच्या. मला ते बघवत नसे.

"काका, एक नवी कोरी गाडी घ्या ना," मी एकदा म्हटलं.

"नव्या गाडीला काय अनुभव हाय?" ते म्हणाले, नोकरीसाठी आलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. पण नंतर काकूंनीच सांगितलं, ते गुपचूप शोरूमला जाऊन आले होते. नव्या गाडीच्या टाकीवर बराच वेळ हात ठेवून उभे होते. नवी गाडी त्यांच्या ऐपतीतली नव्हती, हेही त्यात होतंच. तसं मात्र दोघंही कधी बोलले नाहीत.

आणि मग माझ्या टेबलावर ती फाइल आली.

गाडी रहिमतपूरकडच्या एका फौजी पोराची, सुट्टीवर आला असतानाची. मी साताऱ्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बघितली. उसानं भरलेली ट्रॉली तिच्यावर उलटली होती. टाकी चेपलेली, हँडल मुडपलेलं, पुढचं चाक भाकरीसारखं दुमडलेलं. मी टोटल लॉस लिहिलं आणि परतीच्या एसटीत बसून सहज मालकाचा जबाब वाचला. वाचता वाचता ताडकन उठून उभी राहिले. कंडक्टरनं विचारलं, उतरायचंय का.

ट्रॉली उलटली तेव्हा मोटारसायकल रस्त्याकडेला उभी होती. तिच्यावर कुणीच नव्हतं.

आता बोली संपेपर्यंत असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नाहीत असा आमचा नियम, आणि मी राहत होते ओठ वाचणाऱ्या दोघांच्या घरात. चार दिवस मी तोंडावर ओढणी घेऊन वावरले. "दात दुखतोय व्हय?" काका विचारायचे. मी मान हलवायची. काकूंनी लवंगा दिल्या, त्या मी मुकाट्यानं चघळल्या. 

पाचव्या दिवशी काकांनी आपणच फोनवर तिचा फोटो पाहिला. त्यांना भावली. लगेच केळी घेऊन रहिमतपूर गाठलं. दुपारी परत आले ते हात हलवत.

"पोरगं पलटनीत गेलंय. बाप म्हनतो, त्याला खरचटलं बी न्हाई. गाडीचा पापड झालाय आन् मानसाला खरचटत न्हाई? कायतरी लपिवत्यात."

संध्याकाळी त्या पोराला व्हिडिओ कॉल लावला. काका, काकू, मी, तिघं अंगणात. काकू मेथी निवडत होत्या.

"कुठल्या अंगावर पडलास?"

"पडलो न्हाई काका."

"उडी मारलीस?"

"न्हाई."

"मग ट्रॉलीखालनं निघालास कसा मर्दा?"

"मी गाडीवर नव्हतोच की! गाडी स्टँडला लावलीवती. मी उसात व्हतो."

"उसात काय करत व्हतास?"

पोरानं मागे वळून पाहिलं. मागे त्याचे दोन सोबती फिदीफिदी हसायला लागले.

"ऊस खात व्हतो," तो शेवटी म्हणाला. "पर आमच्या दादास्नी सांगू नका. ज्याचं रान हाय त्याच्याशी आमचं बोलनं न्हाई."

काकांना उमगायला क्षणभर लागला. काकूंना लागला नाही. त्यांच्या हातातली मेथी खाली पडली होती.

"परत इचारा," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

काकांनी परत विचारलं. मग तिसऱ्यांदा. मग त्याला आईची शपथ घ्यायला लावली. मग आधी ती नवी घेतली होती का, दुसऱ्या कुणी चालवली का, कधी घसरली का. नवीच घेतली होती, सहा महिन्यांची होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. पोरगं म्हणालं, "काका, लेफ्टनंट सायेब बी एवढं इचारत न्हाईत." फोन ठेवल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांनी मी तोंडावरची ओढणी काढली. त्यांनी माझ्या डोक्यावर ग्रीसनं भरलेला हात ठेवला. तो डाग पुढे दोन वेळा धुऊनही गेला नाही.

बोली काकांच्या नावावर सुटली. गाडी टेम्पोतून अंगणात आली आणि काकांचं डोकंच चालेना. हिचं कुठं दुखतंय ते सांगायला माणूसच नव्हता. नावही ठेवता येईना. तळहात ठेवावा तर इंजिन बंद. आठवडाभर नुसते भोवती फिरत होते.

एका सकाळी काकू उठल्या आणि जन्मात पहिल्यांदा एका मोटारसायकलीला हात लावला. कांड्या भरताना धावत्या सुतातली गाठ बोटाला कळायची, ती बोटं होती ती. फोर्कच्या दांड्यावरून अंगठ्याचं नख हळूहळू ओढत नेलं आणि एका जागी थांबल्या. "हितं गाठ हाय." मी टॉर्च मारून पाहिलं. केसाएवढी चीर होती, माझ्या पन्नास फोटोंत कुठंच नव्हती. मग त्या रोज सकाळी स्वयंपाकाआधी तासभर गाडीपाशी बसायला लागल्या. त्या शोधायच्या, हे दुरुस्त करायचे. दोघांचे ओठ अखंड चालू. मी वरून चहा पीत बघत असे आणि मला फार बरं वाटे.

तीन महिन्यांनी गाडी चालू झाली. कागदपत्रं झाली, आरटीओत तपासणी झाली. निघायचा दिवस ठरला.

मी खाली आले तर काकू नऊवारीवर हेल्मेट घालून तयार, कमरेला पिशवी बांधलेली, पिशवीत आक्कांसाठी मऊ लुगडं. तेवढ्यात माझं लक्ष आरशांकडे गेलं. उजवा आरसा रस्त्याकडे होता. डावा थेट काकूंच्या तोंडावर वळवलेला.

"काका, हे काय?"

"ती मागं बसनार. वाटंत काय बोलली तर मला कळनार कसं?"

"अहो, पण मागची गाडी कशी दिसणार?"

"ती सांगंल की!"

मी विमा कंपनीची सर्व्हेयर म्हणून कडाडून विरोध केला. दोघांनीही तो वाचला आणि दुर्लक्ष केलं. काकू बसल्या. आधी एक हात काकांच्या खांद्यावर, मग दोन्ही, मग डोळे मिटून पुटपुटत सिद्धनाथाचं नाव घेतलं. काकांची मान ताठ. इतकी वर्षं ज्या बाईला मागे बसवता आलं नाही ती बसली होती. गाडी हलली. काकूंनी डोळे उघडले आणि लगेच आरशात बोलायला सुरुवात केली. हळू, म्हैस, पोरं, दूधवाला, डावीकडं, न्हाई उजवीकडं. काका मान तिरकी करून भक्तिभावानं ते सगळं वाचत होते, आणि गल्लीच्या तोंडाशी एका बांधकामाचा वाळूचा ढीग होता, तो त्यांना कुणी सांगितलाच नाही.

गाडी ढिगात घुसली, क्षणभर उभी राहिली आणि सावकाश डाव्या अंगावर आडवी झाली. दोघंही वाळूत.

मी धावत सुटले. लागलं नसणार हे मला दिसत होतं, वेगच नव्हता. मी घाबरले ते वेगळ्याच कारणानं. या गाडीवरून आता माणूस पडला होता. साऱ्या मुलुखात अशी एकच गाडी मिळाली होती आणि ती घरापासून शंभर पावलांवर संपली. काका वाळूत उताणे पडून होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. मला बघून एवढंच म्हणाले, "गेलं गं पोरी." मला त्यांच्याकडे बघवेना.

काकू उठून बसल्या. हेल्मेट सरळ केलं. एक कोपर चाचपलं, दुसरं चाचपलं, दोन्ही गुडघे बघितले. पदरातली वाळू झटकली. मग बराच वेळ त्या आडव्या गाडीकडे बघत राहिल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.



"पडनं पडनं म्हनत्यात ते एवढंच व्हय? मग नऊ वरसं काय झक मारली मी?" आणि काकांच्या पायावर चापट मारून ओरडल्या, "आवं उठा की! आक्का वाट बघतीया!"

काका असे उठले की मला वाटलं परत पडतात. आम्ही तिघांनी मिळून गाडी उभी केली. मी डावा आरसा रस्त्याकडे वळवला. काकूंनी तो परत स्वतःकडे वळवला. आणि गेले, तासगावच्या रस्त्यानं, हेल्मेटमधून काकूंचे ओठ सारखे हलत होते.

ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. विटा, आटपाडी, दिघंची, मनातल्या मनात मी एकेक गाव मागे टाकत होते. दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. काका फोनवर ऐकत नसत, नुसते बोलत.

"पोचलो!" ते एवढ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरचे साहेब दचकले. "गाडी लोन्यावानी चालली! वाटंत दोनदा पडलो!"

"तीनदा!" पाठीमागून काकू ओरडल्या. "दिघंचीचं धरलं न्हाई ह्यांनी!"

त्यांच्याही मागे कुणी तरी म्हातारी बाई मोठमोठ्यानं रडत होती, आणि रडता रडताच कुणाला तरी सांगत होती की चहात साखर जास्त टाक, माझी भन आलीया.